जटेची लांबी आणि जोगत्याची झोळी



सौंदत्तीच्या डोंगराकडे आपले आजेपणजे बैलगाड्या जुंपून जात. आता जीपगाड्या आणि टेंपो भरून जातात. गाडी बदलली, रस्ता डांबरी झाला, गाडीवानाच्या खिशात फोन आला. पण गाडीत बसलेल्या बाईच्या डोक्यावरची जट काही हलली नाही. मार्गशीर्षी आणि माघी पौर्णिमा जवळ आली की त्या जटेवर भंडाऱ्याचे आणि कुंकवाचे आणखी एक पूट चढते, आणि जोगत्याच्या झोळीत आणखी चार पसे धान्य व दोन नोटा पडतात. ज्या घरात हे चालते ते घर बहुतकरून आमच्याच लोकांचे असते. शेतकऱ्याचे, धनगराचे, मातंगाचे, कुंभाराचे. ज्याला दोन वेळची भाकरी घाम गाळल्यावाचून मिळत नाही त्याचे.

आज आम्ही देव आहे की नाही हा वाद घालणार नाही. ज्याला यल्लमा मानायची त्याने खुशाल मानावी. आम्हाला एकाच गोष्टीचा हिशेब मांडायचा आहे, आणि तो जटेच्या लांबीचा. कारण जोगत्याचे सारे दुकान या लांबीवरच उभे आहे. तो घरात येतो, बाईच्या डोक्यावरचा गुंता पाहतो, डोळे मोठे करतो आणि म्हणतो, "परवापर्यंत हिचे केस कमरेला लागत होते ना? आज खांद्यावर कसे आले? माणसाच्या हाताने हे होईल काय? आईने ओढून घेतले!" पुढे दहा-पंधरा वर्षांनी तीच जट गुडघ्यापर्यंत उतरली म्हणजे पुन्हा तोच जोगत्या, किंवा तो मेला असल्यास त्याचा चेला, येऊन म्हणतो, "पाहा, साध्या बाईचे केस कधी इतके वाढतात काय? आई वाढवते!" म्हणजे केस आखूड झाले तरी देवी, आणि लांब झाले तरी देवीच! व्यापारी दोन्ही बाजूंनी नफा काढतो असे आम्ही ऐकून होतो. हा तराजूशिवायच काढतो.

पण त्याचा प्रश्न मात्र खरा आहे, हे आम्ही मान्य करतो. केस खरोखरच आखूड दिसू लागतात आणि पुढे खरोखरच नेहमीपेक्षा लांब होतात. डोळ्यांना दिसलेले खोटे नाही. भोळ्या बाईने ते पाहिले आणि ती भ्याली, यात तिचा काय दोष? दोष आहे तो कारण ठाऊक नसताना कारण सांगणाऱ्याचा. म्हणून आधी कारण पाहू.

केस ही काही गुळगुळीत तार नव्हे. आपल्या घरावरची कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तशा केसाच्या अंगावर बारीक खवल्या असतात, आणि त्या साऱ्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. डोळ्यांनी त्या दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. एक लांब केस घ्या. मुळाकडून शेंड्याकडे चिमटीतून ओढा, तो सरळ निसटेल. उलटा ओढा, तो अडखळेल. आता तोच केस अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून नुसता चोळत राहा. तो आपोआप एकाच बाजूला, मुळाच्या दिशेने, सरकू लागेल. गवतातून चालताना लुगड्याच्या काठाला किंवा धोतराच्या सोग्याला कुसळ लागते, ते हलत्या कापडात पुढेच चढत जाते, मागे येत नाही; हे कोणत्या शेतकऱ्याला सांगायला पाहिजे? केसाची चाल त्या कुसळाचीच आहे. कंगवा फिरला नाही, डोके घासले गेले, वर घाम, तेल, धूळ आणि कोंडा यांचे किटण बसले, की एक केस दुसऱ्यात घुसतो, दुसरा तिसऱ्यात, आणि कोणीच मागे फिरत नाही. ओले असताना खवल्या अधिक उभ्या राहतात आणि गुंता अधिक घट्ट बसतो.

लोकरीचे तरी काय होते? मेंढीची लोकर पाण्याने भिजवून, दाबून, लाटून बुरणूस करतात. तेथे मागही नसतो आणि धोटाही नसतो, तरी लोकरीचे जाड वस्त्र तयार होते. सुटी लोकर असताना तिचा ढीग केवढा होता आणि बुरणूस केवढा उरला, हे करणाराच जाणे. त्या बुरणुसात कोणती देवी शिरली, असे त्याला अजून कोणी विचारलेले नाही.

आता आखूड होण्याचा प्रश्न. हा प्रश्न आम्ही पंडितांना विचारणार नाही. आमच्या दोर वळणाऱ्या मातंग बांधवाला विचारू. घायपाताचा वाख तो हातात घेतो, त्याला पीळ भरतो, मग तीन पेड एकत्र वळतो. वळण्यापूर्वी पेड जेवढे लांब होते तेवढा दोर लांब भरतो काय? कधीच नाही. लांबी पिळात जाते. जितका पीळ घट्ट, तितका दोर आखूड आणि जाड. गिऱ्हाइकाने दहा हातांचा कासरा मागितला तर वाख दहा हातांहून बराच जास्त धरावा लागतो. हा हिशेब त्याच्या हाडात मुरलेला आहे. जटेत तर नुसता सरळ पीळही नसतो. केस दुमडतो, उलटा फिरतो, गाठीत शिरतो, पुन्हा वर येतो. म्हणून दोरापेक्षाही जटेत लांबी अधिक खाल्ली जाते. सरळ केसांची सैल जट असेल तर तिसरा हिस्सा जातो; घट्ट असेल तर निम्मीही जाते. दोन हातांचे केस होते ते एका हातावर आले, म्हणजे कमरेवरून खांद्याशी आले. राहिलेला एक हात कोठे गेला? कोठेही गेला नाही, त्या जाडीत बसला आहे. जोगत्याने कधी जट हातात घेऊन तिची जाडी पाहिली नाही काय? पाहिली असेल, पण जाडी दाखवली तर चमत्कार उरत नाही.

कोणी म्हणेल, तुमचा दोर हळूहळू वळला जातो. आमच्या सुनेचे केस तर एका न्हाण्यात गोळा झाले, सकाळी न्हायला बसली आणि उठली तेव्हा डोक्यावर दगडासारखा गोळा! असे होते. आम्ही नाही म्हणत नाही. लांब केस डोक्यावर गोळा करून, साबणाने किंवा कपड्याच्या पावडरीने खसाखसा चोळून धुतले, आणि आधीपासून आत गुंता असला, तर ओले केस एका न्हाण्यातही बसतात. वैद्यकाच्या पुस्तकांत याची नोंद 1884 सालापासून आहे. इंग्लंडात ले पेज नावाच्या डॉक्टराने एका सतरा वर्षांच्या मुलीचे केस असे एकाएकी जमून घट्ट झाल्याचे लिहून ठेवले. ती मुलगी इंग्लंडातली. सौंदत्तीची आई तिच्या डोक्यापर्यंत कशी पोचली असेल, याचा खुलासा जोगत्यांनी करावा. आमच्या बायांच्या बाबतीत तर आणखीही कारणे आहेत. बाळंतपण झाले, ताप आला, महिना-दोन महिने अंथरुणावर पडून राहावे लागले, डोक्याचा मागचा भाग उशीवर घासत राहिला, आणि घरात फणी फिरवायला कोणाला सवड? उठल्यावर रानात जायचे, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भारा. पहिली गाठ मानेवरच्या केसांत होते, तेथे आरसा पोचत नाही. ज्या दिवशी हाताला लागते त्या दिवशी 'जट निघाली' म्हणून ओरड होते. प्रत्यक्षात ती कित्येक दिवस निघतच असते.

आता दुसरी बाजू, लांब होण्याची. येथे आम्ही मायबहिणींना साक्षीला बोलावतो, कारण हा हिशेब त्यांच्या हातचा आहे. रोज केस विंचरल्यावर फणीत जे केस निघतात त्याला तुम्ही गुंतवळ म्हणता. कोणी ते बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवते, कोणी साठवून केसांवर भांडी देणाऱ्याला घालते. निरोगी माणसाच्या डोक्यातून रोज 50 ते 100 केस गळतात. त्यात रोग नाही. जुने पान गळावे आणि नवे फुटावे तसेच ते आहे. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो, वर्षाला पाच-सहा इंच, म्हणजे वीतभराहून कमीच. असा तो दोन वर्षे, चार वर्षे, फार झाले तर सहा-सात वर्षे वाढतो, मग थांबतो आणि गळतो. म्हणून बहुतेक बायकांची वेणी पाठीवर किंवा कमरेवर येऊन थांबते. तेल बदलले तरी तेथेच थांबते. तेलवाल्यांच्या जाहिराती काहीही म्हणोत.

परंतु जटेतला केस गळला तरी पडणार कसा? तो चोहो बाजूंनी बांधलेला असतो. मूळ सुटले, पण केस तेथेच राहिला, आणि त्याच्या मागून उगवलेला नवा केस त्याच्याच गुंत्यात शिरला. तोही काही वर्षांनी सुटला, तोही राहिला. जट म्हणजे डोक्यावरच राहून गेलेले गुंतवळ! हिशेब करा. रोजचे 50 केस धरले तरी वर्षाचे 18,250 झाले आणि पाच वर्षांचे 91,250. माणसाच्या डोक्यावर एकूण केस असतात सुमारे 1 लाख. म्हणजे सारे डोके जटेत गेले असेल तर पाच-सहा वर्षांत, डोक्यावर उगवलेले जितके, जवळजवळ तितकेच मुळापासून सुटलेले केस ती बाई मानेवर वागवत असते. जट जाड का होते, जड का होते, हे आता वेगळे सांगायला नको.

आणि लांबी? सुट्या केसाला सहा-सात वर्षांची मर्यादा आहे. जटेला नाही, कारण जुने टोक पडतच नाही. वीस वर्षांत पाच इंचांप्रमाणे शंभर इंच वाढ झाली. त्यातली निम्मी गुंत्याने खाल्ली तरी पन्नास इंच राहिली, म्हणजे पावणेतीन हात. पाच फूट उंचीच्या बाईच्या टाळूपासून मोजली तर ती गुडघ्याच्या खाली आली! त्यातून जुनी जट स्वतःच्या वजनाने ताणली जाते, आणि भिजली की पाणी पिऊन आणखी जड होते, ते वेगळेच. आरंभीची दोन-तीन वर्षे जट लांब होताना दिसत नाही, कारण नवी वाढ आत ओढली जाऊन जाडीत जाते. गुंता पुरता बसला की मग वाढ खाली दिसू लागते. या पहिल्या दोन-तीन वर्षांना जोगत्या म्हणतो 'आईचा कोप', आणि पुढच्या वर्षांना म्हणतो 'आईची कृपा'. मधल्या काळात त्याने किती कोंबडी, किती लुगडी आणि किती दक्षिणा नेली, ती मोजायला मात्र तो शिकवत नाही.

राहता राहिली ती धमकी. कापाल तर रक्त येईल, बाई वेडी होईल, नवरा मरेल, गोठ्यातला बैल मरेल. केसाला कातडीच्या वर जीव नसतो. असता तर नख कापताना आणि दाढी करताना रोज गावात रडारड झाली असती. रक्त आलेच तर ते न्हाव्याच्या कात्रीने कातडी धरल्याचे, किंवा जटेखाली उवांनी आणि घामाने पडलेल्या जखमांचे. हो, जखमा असतात. वर्षानुवर्षे जेथे उजेड नाही, वारा नाही, ओल सुकत नाही, तेथे उवालिखा होणार, खाज सुटणार, पू धरणार, वास येणार. मान आखडते, डोके ठणकते, एका कुशीवर झोपता येत नाही. बाई हे कोणाला सांगत नाही, कारण तिला शिकवलेले असते की ही सेवा आहे. बैलाचे म्हणाल तर गावात जट असो वा नसो, बैल मरतातच. जट कापल्यावर सहा महिन्यांनी बैल मेला तर तो जटेने मेला. जट असताना मागच्या वर्षी दोन मेले ते कशाने मेले?

हे खूळ एकट्या आपल्याच देशातले आहे असेही समजू नका. युरोपात पोलंड म्हणून देश आहे. तेथल्या शेतकऱ्यांतही शेकडो वर्षे हीच जट होती आणि हीच भीती होती. जटेला ते कोल्तून म्हणत. शरीरातला रोग या जटेत उतरतो, ती कापली तर रोग उलटून माणूस आंधळा होईल, वेडा होईल, मरेल, अशी त्यांची पक्की समजूत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूव्ह शहरातले वैद्यकाचे प्राध्यापक यूझेफ डीटल यांनी जटा असलेली माणसे तपासली आणि स्पष्ट लिहिले की हा काही रोग नाही, न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता आहे, कापा. पुढे 1866 साली हेच डीटल त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. आज पोलंडात जट राहिली नाही. तो शब्द तेवढा राहिला आहे, आणि तो कोत्या बुद्धीच्या माणसाला शिवी म्हणून वापरतात. जटा कापल्याने तो देश वेडा झाला नाही.

जमैका बेटावर 1930 नंतर रास्ताफारी नावाचा पंथ निघाला. तेथले काळे कष्टकरी लोक आपल्या धर्माची आणि आपल्या मानाची खूण म्हणून जटा राखतात. त्यांचे केस मुळातच कुरळे, म्हणून ते लवकर बसतात आणि अधिक आखडतात. ते जटा धुतात, निगा राखतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. त्यांनी त्या स्वतःच्या मनाने ठेवल्या आहेत. पुण्या-मुंबईची काही पोरे तर हल्ली केशकर्तनालयात हजारो रुपये मोजून जटा करवून घेतात! सहा महिन्यांनी कंटाळा आला की कापून टाकतात. कोणाचा बैल मरत नाही. जटा घालणारा कारागीर त्यांना आधीच सांगतो, "केस तिसऱ्या हिश्शाने तरी आखूड होतील, आधी वाढवून या." शहरातला पोऱ्या पैसे देऊन जे आगाऊ ऐकून घेतो, तेच खेड्यातल्या आमच्या बहिणीला कोप म्हणून सांगितले जाते, आणि पैसे तिच्याकडूनच घेतले जातात!

आणखी एक तमाशा पाहा. पुरुषाच्या डोक्यावर झाल्या की त्या 'जटा'. बाईच्या डोक्यावर झाली की ती 'जट'. नाशिकच्या कुंभमेळ्यात जटाधारी साधू हत्तीवर आणि रथात बसून मिरवतो, लोक रस्त्यावर लोटांगण घालतात. आमच्या बाईची जट मात्र तिच्या हातात परडी देते, गळ्यात कवड्यांची माळ घालते, आणि मंगळवारी व शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायला लावते. त्याला जटेने पालखी दिली, हिला भीक दिली. एकाच गुंत्याची ही दोन फळे कशी? देवी एवढा दुजाभाव करते काय? छे, हा दुजाभाव माणसांनी केलेला आहे.

खरा घात तर लहान मुलीच्या डोक्यावर गाठ दिसते तेव्हा होतो. दहा-बारा वर्षांची पोर. उवा झाल्या, आईला विंचरायला वेळ नाही, केस बसले. शेजारीण म्हणते, "हात लावू नका." आजी हळद-कुंकू लावते. जोगत्या येतो. पोरीची शाळा सुटते, कारण वर्गात पोरे नाक धरतात. मग लग्न अडते, कारण देवाच्या मुलीला कोण करणार? मग कोणीतरी म्हणतो, सोडा हिला देवीला. पुढे काय होते ते आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांना मुली आहेत त्यांना ते कळते. आमच्या कित्येक मुली कोणत्या शहराच्या कोणत्या गल्लीत जाऊन पडल्या, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे आणि ते मान खाली घालतात. कशासाठी? दोन आण्यांची फणी वेळेवर फिरली नाही म्हणून!

ही रूढी मोडण्यासाठी कायदे झाले नाहीत असे नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी 1920 सालीच देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात 1934 साली झाला, कर्नाटकात 1982 साली झाला, महाराष्ट्रात 2005 साली पुन्हा झाला. आज मुलगी देवाला सोडणे हा गुन्हा आहे. सोडणारा बाप असो की पुजारी. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून, भीती घालून पैसे काढणाऱ्यांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तो व्हावा म्हणून झिजलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घालून मारले, तेव्हा कोठे तो निघाला. इतके महाग पडलेले कायदे आहेत हे. ते कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. तरी आम्ही म्हणतो, पोलीस येईपर्यंत जट थांबत नाही. ती घरातच सुटली पाहिजे.

आणि आमच्याच माणसांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. प्रत्येक पापाचा बोजा भटजीच्या डोक्यावर टाकायची आम्हाला सवय लागली आहे. भटजीने जे केले ते केलेच, त्याचा जाब आम्ही विचारत आलो आहोत आणि विचारू. पण जटेच्या बाजारात भटजी कोठे आहे? जोगत्या आमच्यातला, देवरुषी आमच्यातला, "हात लावू नका" म्हणणारी शेजारीण आमच्यातली, आणि पोरीला देवाला सोडणारा बापही आमच्यातलाच. जोतीरावांनी गुलामगिरी म्हटली ती केवळ दुसऱ्याने घातलेल्या बेडीची नव्हे. स्वतः घासून लखलखीत ठेवलेल्या बेडीचीही आहे. जोगत्यालासुद्धा आम्ही केवळ शिव्या देणार नाही. त्यातले पुष्कळ जण स्वतःच पोरपणी देवाला सोडलेले, दुसरा धंदा न शिकलेले. त्यांना धंदा मिळाला पाहिजे; पण तोवर आमच्या पोरींच्या मानेवर त्यांचे पोट चालावे, हे आम्हाला कबूल नाही.

आमच्या नाभिक बंधूंशी दोन शब्द. जट कापायला बोलावले की तुमच्यातले कित्येक जण हात जोडतात, "आम्हाला पोरेबाळे आहेत" म्हणतात. तुमच्या वाडवडिलांची आठवण आहे काय? 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांनी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवली, आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे ठरवले. पोटाचा धंदा असताना त्यांनी हत्यार खाली ठेवले, कारण त्या वस्तऱ्याने बाईची विटंबना होत होती. आज त्याच घराण्यातल्या माणसाने कात्री उचलण्याची गरज आहे, कारण त्या कात्रीने बाईची विटंबना थांबते. वाडवडील भ्याले नाहीत. तुम्ही का भिता? पुण्याच्या नंदिनी जाधव यांचा स्वतःचा धंदा स्त्रियांच्या केशभूषेचा. त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात पडून आपल्या हाताने दोनशेंहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या. त्या हिंडत्याफिरत्या आहेत, आणि त्या बायकाही.

कसे करावे, तेही सांगतो. गाठ नवी असेल, चार-दोन आठवड्यांची, तर कापण्याची गरजच नाही. भरपूर खोबरेल चोळावे, रात्रभर मुरू द्यावे, आणि बोटांनी शेंड्याकडून सुरुवात करून हळूहळू वर यावे. मुळाकडून ओढू नये, तेथून ओढले की गाठ आवळते. मग रुंद दातांचा कंगवा, शेवटी फणी. आठ दिवसांचे काम आहे, धीर धरावा. जुनी जट सुटत नाही, ती कापावी लागते. पण टाळूजवळची बोट-दोन बोटे वाढ बहुधा मोकळी असते, ती राखून कापली तर बाईचे डोके बोडके होत नाही, हे तिला आधी सांगा. कारण पुष्कळ बायांना देवीपेक्षा बोडकेपणाची धास्ती जास्त असते, आणि ती खोटी नाही. खाली जखमा असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवाव्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट: बाईच्या मनाविरुद्ध कात्री चालवू नका. जबरदस्तीने घातलेली परडी आणि जबरदस्तीने कापलेली जट, दोन्हींत तिला कोणी विचारले नाही असेच होईल. तिच्याजवळ बसा, गुंतवळाचा हिशेब तिला सांगा. ती रोज विंचरत होती तेव्हाचे तिला सारे आठवते. कापलेली जट पाण्यात घालून एखादा पदर तिच्यासमोर उकलून दाखवा. एका हाताच्या जटेतून दीड-दोन हातांचा केस निघताना तिने स्वतः पाहिला, म्हणजे आमच्या लेखाची तिला गरज नाही.

ज्या घरी जट आहे आणि अजून मन होत नाही, त्यांनी निदान एवढे करावे. आज सुतळी घेऊन जट टाळूपासून टोकापर्यंत मोजावी आणि दाराच्या चौकटीवर त्या लांबीची खूण करावी, शेजारी तारीख लिहावी. जोगत्या आला की त्याला ती खूण दाखवून विचारावे, "आईशी तुमचे बोलणे आहे, तर पुढच्या माघी पौर्णिमेला ही जट किती बोटे वाढलेली असेल, ते आज सांगा." तो सांगेल ते चौकटीवर लिहून ठेवावे, आणि त्याच्याखाली आमच्या हिशेबाचा आकडा लिहावा: वर्षाला फार तर सहा इंच, जट नवी असेल तर त्याहूनही कमी, कदाचित काहीच नाही. पौर्णिमेला त्याच सुतळीने, त्याच्यासमोर, चार शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा मोजावे. दक्षिणा त्यानंतर.